मोराच्या पिसाची बाटली

१२ जून १९७८

मोराचं पीस गेलं. पाय गेला. कोंबडा, पाळणा, उखळ – लेबलांवरची अकराच्या अकरा चित्रं आज एका दुपारी रद्द झाली.

मालकांनी, गिरिधरबाबूंनी, वर बोलावलं. टेबलावर एक जाड पुस्तक. गुळगुळीत कागद, पानोपानी मोजमापं. मुंबईच्या जाहिरातवाल्यांनी आपल्या रसशाळेसाठी खास करून पाठवलेलं. त्याला मॅन्युअल म्हणायचं. "देवाजीभाऊ, आता आपले सारे औषधं असे दिसतील." एकच बाटली – लहान, चौकोनी. एकच रंग, मरून. खाली पिवळा पट्टा, पाव इंचाचा. डावीकडे वर सूर्य. मधे औषधाचं नाव पांढऱ्या अक्षरात, सगळ्यांचं एकाच मापाचं. चित्र कुठेच नाही.

मी म्हटलं, मग डोळ्याचं कोणतं नि पायाच्या कुरपाचं कोणतं, हे लोकांना कसं कळेल?

"नाव लिहून राहते ना त्याच्यावर."

बावीस वर्षं या रसशाळेची लेबलं काढतो आहे. दीक्षा घेतली त्याच साली भैय्याजींनी, म्हणजे गिरिधरबाबूंच्या वडिलांनी, मला कामावर घेतलं. पहिल्या दिवशीच म्हणाले होते, "देवाजी, आपलं गिऱ्हाईक अक्षर नाही वाचत गा, तोंड पाहते. बाटलीले तोंड काढ." भैय्याजी मागच्या हिवाळ्यात गेले. मुलगा वाईट नाही. त्याला घाई आहे फार.

सायकलवरून घरी येताना इतवारीच्या बाजारात दोनदा उतरावं लागलं. चालवतच येईना.

१३ जून

तुळसाला सकाळी सांगितलं. तांदूळ निवडत होती. हात थांबला तिचा. "पीसबी काढलं?" म्हणाली.

ते पीस तिचंच आहे. डोळ्याच्या औषधाला – नयनधारेला – मी पहिल्यांदा चांगला मोठा डोळा काढला होता. पापण्यांचे केस मोजून काढले होते. नेहमीसारखा कागद बाटलीला गुंडाळून चुलीवरच्या फळीवर ठेवला, तिला उंबऱ्याशी बसवलं आणि म्हटलं, ओळख. ती म्हणाली, "कोणाची दृष्ट काढाची हाय काय? कसा वटारून पाहून राहिला मेला." फाडला तो. मग तीच म्हणाली की डोळाच पाहिजे तर मोराच्या पिसातला घ्या, तो कोणाले भेववत नाही. आज काटोलपासून उमरेडपर्यंत लोक दुकानात "पिसावाली द्या" म्हणतात. नयनधारा कोणी म्हणत नाही.

एकूण एक लेबल असंच झालं. फळीवर बाटली, उंबऱ्याशी तुळसा. तिला वाचता येत नाही, म्हणून तिच्यासारखा परीक्षक नाही. ती चुकली की मी पुन्हा काढतो. कुरपाच्या औषधावरचा – कुरूपहरवरचा – काटा रुतलेला पाय चार वेळा काढला.

लग्नाच्या वर्षी पाटी आणली होती तिच्यासाठी. पाच-सहा अक्षरं झाली असतील. मग मी गमतीत म्हटलं, तू वाचायला लागली तर माझी परीक्षा कोण घेईल? ती हसली. पाटी माळ्यावर गेली. तिथेच आहे अजून. गंमत होती का ती? तेव्हा वाटली होती.

मी बाबासाहेबांचं नाव घेणारा माणूस. दुसऱ्यांच्या पोरांना शिका म्हणून सांगत फिरलो.

१९ जून

काम सुरू केलं. काम तरी कसलं! पट्टीने रेघ मारा, पट्टा भरा, सूर्य चिकटवा. नाव लिहा. पुन्हा रेघ, पुन्हा पट्टा. अकराही आर्टवर्क चार दिवसांत होतील. एका पिसाला मला दीड महिना लागला होता.

अक्षर मात्र चांगलं काढतो आहे. तेवढंच माझं म्हणून उरलं. नयनधारेतल्या 'ध'ची गाठ तीन वेळा पुसली.

२० जून

आज काही लिहावंसं वाटत नाही.

२ जुलै

नमुन्याच्या बाटल्या घरी आणल्या. अकराही फळीवर ओळीने मांडल्या. तुळसा पदराला हात पुसत उंबऱ्याशी बसली. म्हटलं, ओळख.

बराच वेळ पाहत राहिली. मग एक एक बोट दाखवून सांगू लागली. खोकल्याच्या औषधाला बाळघुटी म्हणाली. बाळघुटीला पोटदुखीचं. कुरपाच्या औषधावर बोट ठेवून म्हणाली, "हे डोळ्याचं असंल." असंल! बावीस वर्षांत तिच्या तोंडून असंल हा शब्द ऐकला नव्हता.

तिचं तोंड उतरलं. "माह्याच नजरेले काही झालं काय हो? पहिले तर झटकन सांगत होती मी." मी म्हटलं, तुझ्या नजरेला काही नाही झालं. पण तिला ते पटलेलं दिसलं नाही. जेवताना म्हणाली, "साऱ्या एका घरच्या दिसाव्या म्हणते ना ते? मग दिसू द्या. पण माय लेकरायले नावानं थोडीच ओळखते, तोंडानं ओळखते."

हे वाक्य उद्या गिरिधरबाबूंना सांगायचं.

५ जुलै

सांगितलं. सगळंच सांगितलं – फळी, उंबरा, तुळसा. कुरपाचं औषध म्हणजे तेजाब, चामडी जाळतं ते, हेही सांगितलं. आधी ते चपट्या तपकिरी बाटलीत काडीसकट यायचं. आता त्यालाही डोळ्याच्या औषधासारखंच थेंब पाडायचं ड्रॉपर दिलं आहे. दोन्ही बाटल्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या. मी म्हटलं, चित्र नका देऊ. निदान त्याचं एकाचं झाकण लाल करा.

गिरिधरबाबूंनी पुस्तक उघडलं. खरंच पाहिलं त्यांनी, खोटं कशाला बोलू. पान सोळा. झाकण पिवळं, अपवाद नाही. "एक सवलत दिली का सारेच मागतील देवाजीभाऊ. मुंबईवाल्यायचे किती पैसे गेले याच्यात, तुम्हाले मालूम हाय?"

मी म्हटलं, माणूस चुकेल.

तर म्हणाले, "अडाणी माणूस तर कशालेही चुकते. त्याच्यासाठी कंपनी थांबवू काय? वाचता येणारा एक माणूस चुकलेला दाखवा मले. एकच. दुसऱ्या दिवशी हे पुस्तक गटारात टाकतो."

राजीनामा देईन म्हणून गेलो होतो, तो खिशातच राहिला. एक्कावन्न वर्षांचा झालो. मला भीती वाटली. दुसरं काही कारण नाही. खाली आलो आणि छपाईआधी दुरुस्तीचे राहिलेले दोन पट्टे भरले.

२१ ऑगस्ट

नव्या बाटल्या बाजारात गेल्या. रसशाळेतल्या प्रत्येकाला घरासाठी एक पूर्ण संच दिला, पेढ्यांबरोबर. सगळे म्हणतात, माल विलायती दिसतो. मलाही क्षणभर बरं वाटलं. अक्षर खरंच सुरेख छापलं आहे.

फळीवर मांडून ठेवल्या. तुळसाने प्रत्येकीचं झाकण उघडून वास घेतला. मग शिवणाच्या डब्यातून काळा दोरा काढला आणि कुरपाच्या बाटलीच्या गळ्याला तीन वेढे देऊन गाठ मारली. "काळा दोरा असंल ते डोळ्यात घालाचं नाही. झालं." मी हसलो. म्हटलं, माझ्या बाटलीला काय नजर लागते? "लागू नये म्हणूनच बांधला," म्हणाली.

मला तो दोरा आवडला नाही, हे कबूल करतो. अक्षरावर आला होता थोडा. मी वर सरकवला.

३० ऑगस्ट

तुळसाचे डोळे पुन्हा लाल. चुलीचा धूर आणि पावसाळी ओली लाकडं. रोज संध्याकाळी नयनधारा दोन-दोन थेंब.

१६ सप्टेंबर

तुळसाच्या उजव्या डोळ्यात भलतं औषध गेलं. बाटली चुकली. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. ठेवून घेतलं आहे.

१८ सप्टेंबर

डोळ्याच्या वॉर्डात तिच्याजवळ बसून होतो. डॉक्टर तरुण आहेत, शांत बोलतात. त्यांनी विचारलं, औषध कोणी टाकलं? मी तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, "मीच घेतली जी बाटली. मले वाचता नाही येत."

डॉक्टरांनी लिहून घेतलं.

प्रेमिला कामठीहून आली. आमची एकुलती एक मुलगी, तिथल्या शाळेत मास्तरीण आहे. आईचा हात धरून रडली. मग बाहेर व्हरांड्यात माझ्यावर बोलली. "बाबा, साऱ्या वस्तीतल्या बायायले मी शिकवून राहिली. अन् तुम्ही घरच्या बाईले नाही शिकवलं. आज तिले वाचता येत असतं तर?" मी खाली पाहत होतो. ती म्हणते ते चूक कुठे आहे.

२४ सप्टेंबर

पट्टी काढली. बुबुळावर पांढरं आलं आहे, कवडीसारखं. डॉक्टर म्हणाले, प्रकाश कळेल. माणूस नाही कळणार.

तुळसाने डावा डोळा हाताने झाकून पाहिलं. माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "तुम्ही कुठं बसले?" मी समोरच होतो.

२६ सप्टेंबर

घरी आणलं. फळीवरच्या सगळ्या बाटल्या पिशवीत भरून माळ्यावर टाकल्या. टाकताना पाटी हाताला लागली.

३ ऑक्टोबर

गिरिधरबाबू घरी आले. आमच्या वस्तीत पहिल्यांदाच. मोसंबी आणली होती. खाटेजवळ स्टुलावर बसले, तुळसाला काकू म्हणाले. दवाखान्याचा खर्च रसशाळा देईल म्हणाले. मनापासून म्हणाले, हेही लिहितो.

मी दारापर्यंत पोचवायला गेलो. म्हटलं, बाबू, मी जुलैमध्ये सांगितलं होतं. माझा आवाज चढला. शेजारच्या कांताबाई बाहेर येऊन उभ्या राहिल्या. गिरिधरबाबू खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "मले वाईट वाटून राहिलं देवाजीभाऊ. पण खरं सांगू? काकूंना वाचता येत असतं तर हे झालं नसतं. याच्यात लेबलाचा काय कसूर?"

आणि मी गप्प झालो. एकदम गप्प. कांताबाईंनाही नवल वाटलं असेल.

आत आलो तर तुळसा म्हणाली, "त्यायच्यावर काहून ओरडता? मी सांगितलं ना डाक्टरले, मीच घेतली म्हणून. झालं ते झालं." ज्या डोळ्याने दिसतं, त्या डोळ्याने माझ्याकडे पाहत होती.

४ ऑक्टोबर

जेवलो नाही.

११ ऑक्टोबर

विजयादशमी. कालपासून खेड्यापाड्यांतून माणसं येत आहेत, पांढरी लुगडी, पांढरे सदरे, डोक्यावर भाकरीची गाठोडी. दरवर्षी आम्ही दोघं दीक्षाभूमीवर सकाळीच जातो. छप्पन साली ज्या ठिकाणी उभे होतो ती जागा तिला बरोबर ठाऊक आहे, मला तीच दाखवते. यंदा ती म्हणाली, धूळ उडंल, तुम्ही जा. मीही गेलो नाही.

दुपारी प्रेमिला आली. माळ्यावर चढून पाटी काढली, धुतली. आईला समोर बसवलं. तुळसा आधी नाही म्हणाली – या वयात, एका डोळ्यानं? मग पेन्सिल धरली. 'त' काढला. तिच्या नावाचा. दांडी तिरपी, पण 'त' होता.

मी अक्षरावर जगलेला माणूस. मला तो 'त' पाहवला नाही. बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

२९ ऑक्टोबर

काटोलचे चंपतराव रसशाळेत आले होते. त्यांचं औषधाचं दुकान आहे, आमचा माल पहिल्यापासून ठेवतात. गिरिधरबाबू बाहेरगावी, म्हणून माझ्याकडे बोलले. एका बाईने पिसावाली मागितली. चंपतरावांनी कपाटातून काढून दिली. बाईने तिथेच झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, हे ते नव्हे. पाहतात तर कुरूपहर! "तीस वर्षं झाले दुकान चालवून राहिलो गा मी. माह्या हातून! तिनं नाक नसतं लावलं तर?"

मी विचारलं, हे गिरिधरबाबूंना लिहून द्याल? ते चपापले. "नाही बा. दुकानाची बदनामी होईल. लोक म्हणतील, चंपतरावले वाचता येत नाही काय." चहा घेतला आणि बसला गेले.

कसा राग करू त्यांचा?

३० ऑक्टोबर

त्या बाटल्या घरोघर असतील. फळ्यांवर, कोनाड्यांत, देव्हाऱ्यात, कंदिलाखाली. किती हजार लेबलं छापली, तो आकडा मला पाठ आहे.

८ नोव्हेंबर

तुळसा झपाट्याने शिकते आहे. काना, मात्रा झाल्या. वाटेल ते वाचते – काडेपेटी, साबणाची वडी, कांताबाईंच्या दारावरची पाटी. एकेक अक्षर बोटाने धरून, मोठ्याने. तिला फार आनंद होतो. तिचा आनंद पाहून घरात मला कुठे बसावं ते कळत नाही.

आज म्हणाली, "तुम्ही रोज त्या वहीत काय लिहिता?" म्हटलं, असंच. "मले वाचता आलं म्हणजे वाचीन मी."

१४ नोव्हेंबर

काही नाही. बारीक ताप आहे.

१९ नोव्हेंबर

आज तिने माझ्या माघारी माळ्यावरची पिशवी उतरवली. मी घरी आलो तेव्हा अकराही बाटल्या फळीवर ओळीने होत्या आणि ती उंबऱ्याशी पाटावर बसलेली. म्हणाली, घ्या परीक्षा. मी नको म्हटलं. तिने उठून एक बाटली हातात घेतली, डाव्या डोळ्याजवळ नेली, बोट फिरवलं. "कु... रू... प... ह... र." गळ्याला काळा दोरा तसाच होता. तिने बाटली परत ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी टाकायला गेली.

एवढंच.

२० नोव्हेंबर

तुळसा, तू आज ना उद्या हे वाचशील, म्हणून खरं लिहितो.

१६ सप्टेंबरला तू बाटलीला हात लावला नव्हता. तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटून पडली होती, रोजच्यासारखी. फळीवरून बाटली मी घेतली. दोरा माझ्या बोटांना लागला होता. मी मरून रंग पाहिला, पिवळा पट्टा पाहिला, सूर्य पाहिला, आणि नाव वाचलं नाही. ते नाव मी माझ्या हाताने लिहिलेलं. तू म्हणाली, "जळते हो." मी म्हणालो, "थोडं जळतेच, थांब." अन् दुसरा थेंब टाकला.

मले वाचता येत होतं.

उद्या दहा वाजता गिरिधरबाबूकडे जातो. वाचता येणारा एक माणूस पाहिजे होता त्यायले. तू संगं चल.